लामूचा नाखवा

केनियाच्या उत्तर किनाऱ्यावर, सोमालियाची हद्द जवळ येऊ लागते तिथे, लामू, मांडा, पाटे आणि आसपासची लहान बेटे एकमेकांना खेटून उभी आहेत. लामूचे जुने शहर २००१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्या गल्ल्यांत मोटार शिरूच शकत नाही. दोन माणसे समोरासमोर आली की एकाने भिंतीला टेकायचे, आणि ओझ्याचे गाढव आले की दोघांनीही. प्रवाळाच्या दगडाची घरे, तिवराच्या वाशांची छते, कोरीव दरवाजे आणि दाराबाहेर बसायला दगडी ओटे. पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पण आम्हाला तिथे ओढून नेले ते शहराने नव्हे, तिथल्या नावांनी. नैरोबीत नोकरीला असलेल्या आमच्या मित्राने एकदा फोनवर अब्बांना सहज सांगितले की तिकडे मासळी, माणसे, बांधकामाचा दगड, सगळे अजून शिडाच्या नावेने फिरते. त्यानंतर वर्षभर अब्बांनी घरात दुसरा विषय फारसा काढला नाही.

अब्बांचे वय ७६. सोळाव्या वर्षी ते त्यांच्या मामूंच्या गलबतावर चढले आणि सहा मोसम मंगळुरी कौले घेऊन रत्नागिरी-मुंबई फिरले. पुढे इंजिनाच्या बोटी आल्या, रस्ते झाले, गलबते वाळूत बसली आणि अब्बा मुंबईच्या गोदीत लागले. आज आमच्या मोहल्ल्यात नाखवा आडनावाची घरे आहेत, पण त्यांतल्या एकाकडेही नाव नाही. आमच्या मुलांनी शीड पाहिले ते चित्रात.

विरोध झाला तो आपाकडून. ‘‘हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाला होडीत घालून आफ्रिकेला नेणार? तिथे दवाखाना कुठे, आपण कुठे?’’ तिचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. केनियाहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला लागतो, आणि साठी ओलांडलेल्या माणसाला ही लस देताना डॉक्टर दहा वेळा विचार करतात. अब्बांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या पुन्हा करून घेतल्या, धोका स्वच्छ शब्दांत सांगितला आणि निर्णय घरच्यांवर सोडला. शेवटी आपाने अट घातली की ती स्वतः बरोबर येणार, आणि अब्बांनी नको म्हटले तरी औषधांची पिशवी तिच्याच हातात राहणार. अशा रीतीने आम्ही अकरा जण झालो. दोन भावांची कुटुंबे, आपा, अब्बा, आणि नैरोबीहून तो मित्र व त्याची बायको.

हवामानाचे आधी सांगतो, कारण या सफरीत सगळे त्यावरच चालते. डिसेंबर ते मार्च या काळात तिथे ईशान्येचा वारा वाहतो. स्वाहिली लोक त्याला कासकाझी म्हणतात. एप्रिलनंतर वारा फिरतो आणि दक्षिणेकडून येऊ लागतो, तो कुसी. एप्रिल-मेमध्ये मोठा पाऊस, आणि पुढचे दोन-तीन महिने समुद्र खवळलेला. याच दोन वाऱ्यांवर हजार वर्षांहून अधिक काळ अरबस्तान, इराण, गुजरात आणि आपल्या कोकण-मलबारची जहाजे आफ्रिकेला जात आणि परत येत. कासकाझीवर जायचे, माल विकायचा, वारा फिरेपर्यंत थांबायचे आणि कुसीवर घरी यायचे. मधल्या महिन्यांत तिथे लग्ने होत, मशिदी बांधल्या जात, भाषा एकमेकींत मिसळत. आम्ही जानेवारीत गेलो.

भाषेची गंमत पहिल्याच दिवशी कळली. तिथे नांगराला नांगा म्हणतात. बंदराला बंदारी, जहाजाला जहाझी, दुकानाला दुका. लहान होडीचा एक प्रकार होरी नावाचा आहे, तो भारतातूनच तिकडे गेला. आणि नावेच्या मालकाला किंवा कप्तानाला म्हणतात नाहोधा. आपला नाखवा आणि त्यांचा नाहोधा, दोघेही फारसी नाखुदाचे वारस. अब्बांना स्वाहिली येत नाही, आमच्या नाखव्याला उर्दू-मराठी येत नाही. मित्र दुभाष्या म्हणून मध्ये बसला होता, पण पहिल्या तासानंतर त्याला काम उरले नाही. अब्बा डोलकाठीला हात लावून एक शब्द उच्चारत, नाखवा त्याचा शब्द सांगे, आणि मग दोघे मान हलवत. परबाणाला त्यांचा शब्द वेगळा, शिडाला वेगळा, पण बोट ठेवायची जागा तीच.

नाव ठरवताना आम्ही घाई केली नाही. लामूच्या धक्क्यावर उतरताच चार जण सफरीचे भाव सांगत पाठीमागे लागतात. आमच्या मित्राच्या ओळखीतला एक वयस्क नाखवा होता, त्याच्याशी आदल्या दिवशी चहावर सगळे बोलून घेतले: खलाशी किती, जेवण-पाणी कोणाचे, वारा पडला तर इंजिन लावण्याचे वेगळे पैसे की त्यातच, लहान मुलांच्या मापाची जीवनरक्षक जाकिटे आहेत का. मोठ्यांची होती, मुलांची नव्हती. मित्राने ती शक्यता धरून नैरोबीहून चार आणली होती. नावेला मागच्या बाजूस पडद्याआडचा एक छोटा आडोसा होता, त्यावर घरातल्या बायकांनी आधी जाऊन नजर टाकली आणि मगच होकार दिला. हे लिहायला संकोच वाटतो, पण बायका-मुली बरोबर असतील तर हाच पहिला प्रश्न असतो आणि प्रवासाच्या कोणत्याही जाहिरातीत त्याचे उत्तर सापडत नाही. रात्री नावेवर झोपायचे नाही, किनाऱ्यावर घरात झोपायचे, हेही तेव्हाच ठरले.

पहिल्या दिवशी जवळचीच सफर, मांडा बेटावरच्या टाकवाची. तिवरांमधून जाणारी खाडी आहे, आणि तिच्यात भरतीलाच पाणी असते. पंधराव्या ते सतराव्या शतकातले हे गाव पुढे ओस पडले. आज तिथे गोरखचिंचेचे अवाढव्य वृक्ष, पडक्या भिंती, एक खांब उभारलेली कबर आणि बऱ्यापैकी शाबूत अशी मशीद आहे. मुलांनी मिहराब शोधला आणि गोंधळून आमच्याकडे पाहिले, कारण तो उत्तरेकडे होता. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला. लामू मात्र मक्केच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला, विषुववृत्ताच्याही खाली दोन अंशांवर आहे. तिथे माणूस उत्तरेला तोंड करून नमाज पढतो. धाकट्या पुतण्याला हे पटायला वेळ लागला. त्याने वाळूत काडीने नकाशा काढायला लावला तेव्हा कुठे त्याचे समाधान झाले.

त्या रात्री लामूच्या घराच्या गच्चीवर अब्बा बराच वेळ उत्तरेला पाहत उभे होते. गलबतावर असताना ते ध्रुवावर नजर ठेवून सुकाणू धरत. कोकणातून ध्रुव क्षितिजाच्या वर सतरा-अठरा अंशांवर दिसतो. विषुववृत्त ओलांडले की तो क्षितिजाखाली जातो. ‘‘इकडचे लोक मग रात्री काय बघतात?’’ अब्बांनी दुसऱ्या दिवशी नाखव्याला विचारले. त्याने हात दक्षिणेकडे केला, मग वाऱ्याकडे, मग पाण्याकडे, आणि शेवटी हसून खिशातला मोबाइल दाखवला.

पाटेला निघायची वेळ नाखव्याने ‘सआ तातू’ सांगितली, म्हणजे तीन वाजता. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून सुरू होते. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. त्यामुळे तीन म्हणजे आपले सकाळचे नऊ. दिवस सूर्याने मोजायची ही रीत आपल्याला नमाजाच्या वेळांमुळे परकी वाटत नाही. पण नऊच का? तर मांडा बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये मकांडा नावाची अरुंद वाट आहे, आणि त्या दिवशी नऊनंतरच तिच्यात नाव तरंगण्याइतके पाणी चढणार होते. या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत तीन मीटरच्या आसपास फरक पडतो. भरती तुमच्यासाठी थांबत नाही, तुमचा नाश्ता झालेला असो वा नसो. मुलांना गाढ झोपेतून उठवण्याचे काम त्या दिवशी अब्बांनी केले, आणि कोणी कुरकुर केली नाही.

मकांडातून बाहेर पडलो आणि मांडाच्या आखातात वारा समोरून आला. पाटे ईशान्येला आणि कासकाझीही ईशान्येचा. शिडाची नाव वाऱ्याच्या तोंडात शिरू शकत नाही. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला अशी नागमोडी जाते. दर वळणावर खलाशी परबाण उभे करतात, डोलकाठीच्या पुढून फिरवून दुसऱ्या बाजूला नेतात, आणि तेवढ्या वेळात शीड फडफडून कानठळ्या बसवते. नाव कलली की एक खलाशी बाहेर काढलेल्या फळीच्या टोकावर जाऊन बसतो, समुद्राच्या वर, आणि त्याच्या वजनाने नाव सावरते. वाळूच्या गोण्याही त्याचसाठी इकडून तिकडे हलवतात. मुलींना ही फळी फार आवडली. त्यांना तिच्यावर बसायला मिळाले नाही, हा एकच राग त्या अजून धरून आहेत.

मोठ्या वहिनींना बोट लागली. लिंबू, आले, गोळी, काहीही चालले नाही. मांडा तोतो या लहान बेटाशी नांगर टाकला आणि वाळूवर पाय टेकल्यावर अर्ध्या तासात त्या बऱ्या झाल्या. पाणी इतके स्वच्छ की दोन पुरुष खोलीवरचे प्रवाळ वरून दिसत होते. आमच्याशिवाय तिथे कोणी नव्हते. नाखवा न सांगता खलाशांना घेऊन बेटाच्या पलीकडे गेला आणि तासभर आला नाही. आपा आणि वहिनी पूर्ण कपड्यांत, जाकिटे घालून पाण्यात उतरल्या. आपा पन्नाशीची आहे, खाडीकाठच्या गावात जन्मली आणि समुद्रात मानेपर्यंत ती आयुष्यात पहिल्यांदाच गेली. गावात बायकांनी पाण्यात उतरायचे ते गुडघ्यापर्यंत, कालवे काढायला.

जोहर आणि असर आम्ही तिथेच वाळूवर जमा करून, कसर पढलो. आम्ही शाफई, आणि हा सारा किनाराही शाफई आहे. कोकणातल्या मुसलमानांत आणि स्वाहिली लोकांत हा मजहब त्याच समुद्रमार्गाने रुजला. कुठेही चार दिवसांचा मुक्काम नसल्याने आम्ही मुसाफिरच होतो. मित्र हनफी, त्याने असरची त्याची वेळ होईपर्यंत वाट पाहिली आणि आम्ही त्याच्यासाठी नाव थांबवली. लामूच्या मशिदीत फजरला इमामांनी कुनूत पढला तेव्हा अब्बांच्या चेहऱ्यावर जो भाव आला, तो एवढ्या लांब येऊन आपल्याच मोहल्ल्यात उतरल्यासारखा होता.

पाटे गावाशी पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. किनारा समोर दिसतो आहे, मगरिबची अजान ऐकू येते आहे, आणि मध्ये चिखल. नाव पाणी चढेपर्यंत दोन तास उभी राहिली. मुले भुकेने रडकुंडीला आली. खलाशांपैकी एकाने नावेवरच्या वाळूच्या पेटीत जाळ केला, नारळाच्या दुधातला भात शिजवला आणि दुपारी पकडलेला मासा भाजून नारळ-चिंचेच्या रसात सोडला. सोबत कांदा-टोमॅटोची काचुंबारी, म्हणजे आपली कचुंबर. आमच्या घरी चार प्रकारचे मासे होतात, तरी त्या भाताची आठवण मुले अजून काढतात. सकाळी यजमानांच्या घरी वितुंबुआ आले, तांदूळ-नारळाचे गोड. वहिनींनी पाहताक्षणी ‘‘हे तर आप्पे!’’ म्हटले आणि त्या थेट चुलीपाशी जाऊन भांडे पाहून आल्या. भांडेही तसेच खळग्याखळग्यांचे.

पाटे एके काळी या बेटांतले सर्वांत बलाढ्य राज्य होते. आज जुन्या राजवाड्याच्या आणि मशिदींच्या पडक्या भिंतींमध्ये लोक तंबाखू पिकवतात. त्याच बेटावर दक्षिण किनाऱ्याला शांगा आहे. १९८०च्या दशकात मार्क हॉर्टन यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा एकाखाली एक अशा अनेक मशिदी सापडल्या, आणि सर्वांत खालची आठव्या शतकाच्या अखेरीची, लाकडाची. आफ्रिकेच्या या किनाऱ्यावरच्या सर्वांत जुन्या ज्ञात मशिदींपैकी ती एक. मूठभर माणसांना पुरेल एवढीच जागा. व्यापारी आले, त्यांनी स्थानिकांसोबत चार खांब रोवले, आणि पुढच्या पिढ्यांनी तीच जागा वाढवत नेली. उन्हात तासभर चालायचे असल्याने अब्बा शांगाला आले नाहीत, सियूत सावलीला बसले.

सियूचा किल्ला एकोणिसाव्या शतकातला. इथल्या सरदाराने झांझिबारच्या सुलतानाला दाद दिली नव्हती. त्याच सरदाराची पत्नी म्वाना कुपोना. पती गेल्यानंतर, स्वतः आजारी असताना, १८५८ मध्ये तिने आपल्या लेकीसाठी उपदेशाचे दीर्घकाव्य लिहिले. स्वाहिली साहित्यात ते आजही मानाने वाचले जाते. त्यातला पतीसेवेचा उपदेश आजच्या मुलींना सगळाच पटेल असे नाही, आणि आमच्या पुतणीने तर किल्ल्याच्या पायरीवरच त्यावर वाद घातला. पण दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, एका लहानशा बेटावर, एक मुसलमान आई आपल्या लेकीला वारसा म्हणून दागिने नव्हे, स्वतः लिहिलेले शब्द देत होती, हे तिलाही आवडले. तिने आपल्या वहीत नाव उतरवून घेतले.

अजून उत्तरेला किवायू नावाचे सुंदर बेट आहे. तिथे आम्ही गेलो नाही. २०११ मध्ये किवायू आणि मांडा इथून सशस्त्र टोळ्यांनी परदेशी माणसांना पळवून नेले होते, आणि सोमालियाच्या सीमेजवळच्या भागात त्यानंतरही हल्ले झाले आहेत. लामूच्या आसपास आम्हाला भीती वाटली नाही, पण पाटेला जाण्याआधी आम्ही पोलिसांना आणि नाखव्याला, दोघांनाही स्वतंत्रपणे विचारले होते. जाणाऱ्यांनी त्या वेळची परिस्थिती जरूर विचारावी आणि उत्तर ‘नको’ असेल तर हट्ट धरू नये. लामू आणि मांडा एवढेही पुरेसे आहे.

परतीला वारा पाठीशी होता. जे अंतर जाताना दिवसभर खाऊन गेले, ते येताना अर्ध्या वेळात संपले. आखातात नाखव्याने स्वतःहून सुकाणूचा दांडा अब्बांच्या हातात दिला आणि शेजारी मांडी घालून बसला. अर्धा तास. आपा औषधांची पिशवी मांडीवर घेऊन समोर बसली होती, तिने एकदाही ‘पुरे’ म्हटले नाही. अब्बांचे डोळे शिडाच्या कडेवर होते. शीड जरा फडफडले की त्यांचा हात आपोआप दांडा लोटायचा, साठ वर्षांनी. मुलांनी मोबाइल काढले होते, पण कोणी बोलत नव्हते.

त्याच आखातात मुख्य भूमीच्या बाजूला क्रेन दिसतात. हे लामूचे नवे बंदर. त्याचा पहिला धक्का मे २०२१ मध्ये सुरू झाला. मोठ्या जहाजांसाठी समुद्राचा तळ उपसला गेला, आणि मासेमारीच्या जागा व तिवरे गेल्याची तक्रार घेऊन कोळी कोर्टात गेले. २०१८ मध्ये केनियाच्या हायकोर्टाने सुमारे ४६०० कोळ्यांना १७६ कोटी शिलिंग भरपाई देण्याचा निकाल दिला. जवळच होऊ घातलेल्या कोळशाच्या वीज प्रकल्पाचा परवाना २०१९ मध्ये तिथल्या पर्यावरण न्यायाधिकरणाने रद्द केला. नाखव्याला बंदराविषयी विचारले तर तो चिडला नाही. त्याचा थोरला मुलगा तिथेच रोजंदारीला जातो. धाकटा नावेवर फळीच्या टोकाला बसणारा, तो. ‘‘एकाला महिन्याला पैसे मिळतात, दुसऱ्याला वारा असेल तेव्हा,’’ एवढेच तो म्हणाला. अब्बांना यात नवे काही नव्हते. त्यांनी मुंबईची गोदी निवडली तेव्हा हिशेब हाच होता.

तरी लामूकर हातावर हात ठेवून बसलेले नाहीत. किनाऱ्यावर वाहून आलेल्या प्लॅस्टिकपासून आणि टाकून दिलेल्या सुमारे तीस हजार चपलांपासून इथल्या कारागिरांनी ‘फ्लिपफ्लोपी’ नावाची शिडाची नाव बांधली. २०१९च्या सुरुवातीला ती लामूहून झांझिबारपर्यंत सुमारे ५०० किलोमीटर गेली. लाकडी नावाही बांधल्या जातात. लामू बेटावरचे मातोंदोनी हे गाव त्यासाठीच ओळखले जाते. तिथे अब्बा एका सुताराच्या वाकसाकडे इतका वेळ पाहत राहिले की त्याने शेवटी तो त्यांच्या हातात देऊन पाहिला.

हिशेबाचे थोडे. आलिशान यॉटच्या सफरी जगभर आहेत, त्यांच्या तुलनेत ही फारच स्वस्त. खर्च होतो तो विमानाचा: मुंबई ते नैरोबी, आणि तिथून लहान विमानाने मांडा बेटावरच्या धावपट्टीवर. समोरच लामू, होडीने काही मिनिटे. नावेच्या भाड्यात घासाघीस करायची असेल तर आधी करा. एकदा ठरल्यावर खलाशांना वेगळे काही द्यायला विसरू नका, कारण भाडे नाखव्याचे असते आणि फळीवर बसणाऱ्याला त्यातला लहानसा वाटा मिळतो. जानेवारी २०२४ पासून केनियाला व्हिसाऐवजी इंटरनेटवरून आगाऊ प्रवास परवानगी घ्यावी लागते. २०१७ पासून तिथे प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, म्हणून सामान कापडी पिशव्यांत भरा. हिवतापाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि तिचा पिवळा दाखला पासपोर्टच्याच पाकिटात ठेवा. परतताना मुंबई विमानतळावर तो मागतात, आणि तेव्हा तो सामानाच्या तळाशी असेल तर अकरा जणांची रांग फार लांब होते.